नाशिकरोड ते हावडा : खांब, वाती आणि मेंढीकोट

दिवस पहिला (पाडवा), सकाळ

आधी माझी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी बारा वर्षं नाशिकरोड-मुंबई अपडाऊन केलंय, पंचवटीचा पास. ही गाडी १९७५ पासून आमच्यासारख्यांना नेतेय आणतेय, आणि गाडीत टाइम कसा काढायचा याचं आम्हा पासवाल्यांकडे अख्खं शास्त्र आहे. इगतपुरीपर्यंत पेपर, घाटात डुलकी, कसारा गेलं की चौघांच्या गुडघ्यांवर पेपर पसरून पत्ते, कल्याण आलं की पत्ते खिशात. संध्याकाळी येताना एका कोपऱ्यात भजन, एका कोपऱ्यात मेथी निवडणाऱ्या बायका, कुणाचा वाढदिवस असला तर केक पण तिथंच. थळ घाटाचा चढ १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात, आणि ती जोडताना जो धक्का बसतो ना, त्याला आमच्यातला झोपलेला माणूस पण डोळे न उघडता म्हणतो, "लागलं."

तर असा मी, म्हणून बायको म्हणाली की गाडी सत्तावीस तास घेते तेव्हा मी हसलोच. सत्तावीस तास म्हणजे काय, सात पंचवट्या. त्यात काय एवढं.

जायचं कारण भाऊबीज. मेव्हणा कोलकात्यात बँकेत आहे, सुट्टी नाही मिळाली, मग बायको म्हणाली तो येत नाही ना तर आपण जाऊ, ओवाळणार म्हणजे ओवाळणारच. आई म्हणाली मी पण येते, कालीमाता बघायची राहिलीये. लेक चिऊ, वय अकरा, तिला काय शाळेला सुट्टीच. तिकिटं गीतांजली एक्स्प्रेसची, स्लीपर, पाडव्याला सकाळी नऊच्या सुमारास नाशिकरोडहून चढायचं आणि दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेला, दुपारी हावडा.

टाइमपासची तयारी मी दणक्यात केली होती. टॅबवर दोन सिरीज डाउनलोड, चिऊसाठी कार्टून, बायकोसाठी गाण्यांची लिस्ट, पत्त्यांचे दोन कॅट, दिवाळी अंक तीन. आईने फक्त एक कापडी पिशवी घेतली, त्यात कापूस. मी म्हटलं आई हे काय, तर म्हणे त्रिपुरी पौर्णिमा तेरा दिवसांवर आलीये, त्रिपुराच्या साडेसातशे वाती वळायच्यात, घरी मेल्या फराळाच्या गडबडीत बसणं झालं नाही, गाडीत बसायचंच आहे तर होतील.

गाडी सुटली. गोदावरीचा पूल यायच्या आतच आईने चकलीचा डबा उघडला. पुलावर खिडकीतून नाणं टाकलं, हात जोडले, परत चकली. आणि मी टॅब काढला आणि तेव्हा लक्षात आलं की चार्जर घरी, किचनमधल्या प्लगला, मिक्सरच्या शेजारी, जसाच्या तसा. पॉवरबँकेत दोन काड्या. टॅब चौदा टक्के, कारण रात्रभर चिऊने तो बघितलेला. बायको काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

मनमाडपर्यंत मला काहीच वाटलं नाही कारण तिथपर्यंत माझं राज्य. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, सगळी तोंडपाठ, कुठं रुळाचा आवाज बदलतो ते पण. मनमाडला अंकाई-टंकाई दाखवले, हडबीची शेंडी दाखवली, तो अंगठ्यासारखा उभा सुळका, चिऊने आपला अंगठा वर करून त्याच्याशी जुळवून फोटो काढला. मनमाड सुटलं आणि मी घड्याळ बघितलं. सव्वा तास पण झाला नव्हता. अजून सहा पंचवट्या शिल्लक आणि पुढचा रस्ता माझ्या ओळखीचा नाही. अपडाऊनवाल्याची गंमत ही आहे की त्याला वेळ घालवता येत नाही, त्याला फक्त पुढचं स्टेशन माहीत असतं.

दिवस पहिला, दुपार

समोरच्या बर्थवर एक बंगाली जोडपं, साठीच्या पुढचं. शिर्डी, त्र्यंबकेश्वर करून नाशिकरोडलाच चढले होते. काका रिटायर्ड, स्वेटर आत्तापासून घातलेला (बाहेर ऊन मी म्हणतंय, पण बंगाली माणूस आणि थंडीची भीती यावर मी बोलणार नाही). काकू हिंदी बोलायच्या पण सगळं गोल गोल. त्यांची पण घाई तीच, उद्या त्यांच्याकडे भाईफोटा, भाऊ हावड्याला राहतो, गाडीतून उतरून तडक त्याच्याकडे. बायकोने विचारलं तुमच्यात ओवाळतात कसं, तर त्या म्हणाल्या डाव्या हाताच्या करंगळीने भावाच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावायचा. आई म्हणाली डाव्या हाताने? आणि दोन मिनिटं वाती थांबल्या. मग स्वतःच म्हणाली असेल बाई, प्रत्येकाचं असतं.

वातींचं काम असं, कापसाचा बारीक पुंजका ओढायचा, तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा वळायचा, टोकं चिमटीत घेऊन पीळ, की पिशवीत. शंभर झाल्या की कागदाची पुडी. हात चालू, तोंड चालू, डोळे खिडकीबाहेर. काकू बराच वेळ बघत होत्या आणि मग एकदम म्हणाल्या, "शोलते!" बंगालीत वातीला शोलते म्हणतात. झालं, त्यांनी पदर खोचला आणि कापूस मागितला. त्यांची वात आईच्या वातीपेक्षा जरा जाड आणि लांब होती, आईने ती बघितली, काही बोलली नाही, पण पिशवीत वेगळ्या कोपऱ्यात ठेवली. तीन-चार वातींनंतर काकूंनी आईची एक उचलून नीट निरखली आणि मग त्यांची पण तशीच यायला लागली. हा सगळा संवाद एकही शब्द न बोलता झाला.

मी टॅब बंद करून बसलेलो. काय करणार, खिडकीबाहेर बघायला लागलो आणि तिथं मला माझा खेळ सापडला. विजेच्या तारांचे जे खांब असतात त्यांच्यावर आकडे लिहिलेले असतात, वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरमधला कितवा खांब. हे किलोमीटर मुंबईपासून मोजलेले. नाशिकरोडला १८८ च्या आसपास, हे मला माहीतच होतं. आता चिऊच्या हातात घड्याळ दिलं. वरचा आकडा बदलला की सुरू, परत बदलला की थांब. ३६०० भागिले जेवढे सेकंद तेवढा ताशी वेग. छत्तीस सेकंद आले तर १००, चाळीस आले तर ९०. पहिल्यांदा तिला बोअर झालं, पण एकदा चौतीस सेकंद आल्यावर तिने "एकशे पाच!" असं ओरडून सगळा डबा उठवला आणि मग ती सुटेचना. दोन खांबांतलं अंतर सगळीकडे सारखं नसतं, सरळ रुळावर जास्तीत जास्त ७२ मीटर, वळणावर कमी, म्हणून खांब मोजून वेग काढू नका, चुकतो. मी आधी तेच करत होतो आणि गाडी ताशी १६० ने चाललीये असं काकांना सांगून बसलो होतो. काकांनी सभ्यपणे मान हलवली होती.

भुसावळला केळी. चारशे चाळीसच्या पुढे आकडा. नंतर कचोरीवाला आला, शेगाव कचोरी शेगाव कचोरी, शेगाव यायच्या बरंच आधीपासून. काकूंनी विचारलं शेगाव मतलब? आईने वाती खाली ठेवून गजानन महाराजांची सगळी गोष्ट सांगितली, मराठीत, अर्ध्या तासाची, काकूंना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण शेगाव स्टेशन आलं तेव्हा दोघींनी एकदमच हात जोडले. कचोरी मात्र तिखट होती, काकांनी एक घास घेतला आणि डोळ्यातून पाणी.

अकोल्यानंतर पत्ते. मी, बायको, काका आणि साइडच्या बर्थवरचा एक पोरगा, बडनेऱ्याहून चढलेला, रायपूरला जाणार. मी म्हटलं मेंढीकोट. पोरगा म्हणाला चालेल. काका म्हणाले आम्ही ट्वेंटी-नाइन खेळतो. आता बघा, मेंढीकोटात सगळा जीव दहिलीत, चार दहिल्या पकडल्या की कोट. आणि ट्वेंटी-नाइनमध्ये गुलाम सगळ्यात मोठा, त्याचे तीन, नव्वीचे दोन, एक्का आणि दहिली एक-एक, म्हणजे चारही रंगांचे मिळून २८, वर शेवटच्या हाताचा एक. म्हणजे ज्या दहिलीसाठी आम्ही जीव टाकतो ती तिकडे एका मार्काची आणि आम्ही ज्या गुलामाला विचारत नाही तो तिकडे राजा. काका तोंडाने हो हो म्हणायचे मेंढीकोट, पण हाताला सवय गुलामाची. एक हात असा झाला की माझ्या बायकोची हुकमाची दहिली पडली होती, काकांकडे हुकमाची राणी होती हे नंतर कळलं, आणि त्यांनी अभिमानाने गुलाम आपटला. "उचला!" म्हणाले. मी म्हटलं काका गुलामच आहे तो, पण दहिलीच्या वरच आहे, उचललीत तुम्ही. मग त्यांना कळेना की ते जिंकले कसे. पोरगा हसून हसून बर्थवरून खाली.

साइड बर्थ म्हटलं की आठवलं, हे बूड टेकायला जे मऊ आहे ना, ते आधी नव्हतं. सेकंड क्लासला नुसती लाकडी फळी असायची. १९७७ ला मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आपले राजापूरचे खासदार, त्यांनी त्यावर दोन इंच फोम टाकायला लावला. आणि हीच गीतांजली, २६ डिसेंबर १९७७ ला सुरू झाली तेव्हा तिच्यात फर्स्ट क्लास नव्हताच, सगळे एका वर्गाचे. हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले मला माहीत आहे, मी तरुणपणी याच गाडीने मुंबईला इंटरव्ह्यूला गेलो होतो. मग इंटरव्ह्यूचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी पण सांगितलं नाही.

वर्ध्याला अंधारायला लागलं. शेवटचा आकडा वाचला तो साडेसातशेच्या पुढचा. चिऊ म्हणाली आजीच्या वाती पण साडेसातशे. आजी म्हणाली कुठल्या गं, चारशे दहा झाल्यात.

नागपूरला संत्रा बर्फी, जेवण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. काकूंनी शोंदेश दिला, त्यांची बंगाली मिठाई. डोंगरगड आलं तेव्हा अंधारात डोंगरावर बम्लेश्वरीच्या देवळाचे दिवे दिसले, दहा वाजत आलेले, मधला बर्थ लावायची वेळ. रात्री दहा ते सकाळी सहा मधला बर्थ लावता येतो असा नियमच आहे आणि दिवसभरात भांडणं होतात ती यावरूनच, आमच्यात नाही झालं कारण काका साडेनऊलाच वर चढून घोरायला लागलेले.

दिवस दुसरा (भाऊबीज)

सकाळी चिऊने हलवून उठवलं. "बाबा, खांब बिघडलेत."

राऊरकेला नुकतं गेलेलं, बाहेर लाल माती, साल की काय ती झाडं, धुकं. मी आकडा वाचला. चारशेच्या आसपास. काल संध्याकाळी साडेसातशे होता, रात्रभर गाडी पळाली, आणि आता चारशे? आणि पुढचा खांब अजून एकने कमी. मी खरंच सांगतो, अर्धवट झोपेत एक सेकंद मला वाटलं की गाडी परत निघालीये.

मग डोक्यात प्रकाश पडला. मुंबईकडून रूळ टाकत आली ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनी, १८५३ ला बोरीबंदर-ठाणे केलं तीच, ती नागपूरला पोचली १८६७ ला. नागपूरच्या पुढची लाइन बंगाल नागपूर रेल्वेची, ती कंपनीच निघाली १८८७ ला. त्यांचं घर हावडा, त्यामुळे त्यांचे किलोमीटर हावड्यापासून. नागपूर मुंबईपासून ८३७ आणि हावड्यापासून ११३१. म्हणजे काल रात्री आम्ही बर्फी खात होतो तेव्हा आकडा ८३७ वरून एकदम ११३१ झाला आणि तिथून उलटा मोजायला लागला, आणि आम्ही कुणीच बघितलं नाही. कंपन्या गेल्या, इंग्रज गेले, आकडे तिथंच. मला इतका आनंद झाला की मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली चहा आला का.

पण या उलट्या मोजणीत एक मजा होती. काल आम्ही किती आलो ते कळत होतं, आज किती राहिलं ते कळतंय. टाटानगर २५०. चिऊ आता वेग नाही काढत, आता ती फक्त आकडा ओरडते. आणि इकडे आईने पण पद्धत बदलली, "एकशे नव्वद राहिल्या," "दीडशे राहिल्या." काकूंनी खरगपूरला सांगितलं हा प्लॅटफॉर्म जगात सगळ्यात लांब. एके काळी होता, १०७२ मीटर, नंतर गोरखपूर झालं आणि आता २०२३ पासून हुबळी, दीड किलोमीटर. पण काकूंच्या मनात खरगपूरच पहिलं होतं आणि मी कशाला मोडता घालू. आमचा डबा प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला आणि चहावाला दुसऱ्या टोकाला, एवढं मात्र खरं.

सांत्रागाछीच्या अलीकडे गाडी थांबली, मग थोडी सरकली, परत थांबली. सगळे उभे, बॅगा खाली, चपला शोधणं चालू, ज्या वेळेला कुणालाच काही करायला नसतं ती ही वेळ. आई तेवढी बसलेली. तिथं तिच्या साडेसातशे पुऱ्या झाल्या. हावड्याला उतरताना काकू आईच्या पाया पडायला वाकल्यावर आईने त्यांचे हात धरले आणि शंभराची एक पुडी त्यांच्या हातात कोंबली. "तुमच्याच आहेत त्यातल्या निम्म्या," असं मराठीत. काकूंना कळलं.

संध्याकाळी मेव्हण्याला ओवाळलं. चिऊने मामाला करंगळीने टिळा लावायचा हट्ट केला, दोन्ही झालं.

दिवस तिसरा आणि चौथा

कोलकात्यावर मी लिहिणार नाही, ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय. काळीघाट झालं, गर्दी भरपूर, आई खूश. हावडा ब्रिज बघितला, १९४३ चा, नटबोल्ट नाहीत, सगळे रिव्हेट. गंगेखालून मेट्रो आहे २०२४ पासून, नदीखालचा भाग साधारण पंचेचाळीस सेकंदांत संपतो, चिऊने घड्याळ लावलं आणि पंचेचाळीसच आले, तिचा चेहरा बघायचा होता. ट्रॅममध्ये बसलो तेव्हा आजूबाजूला बघितलं, लोक नुसते बसलेले. ना फोन, ना पेपर. ट्रॅम आपल्या मजेत चाललेली आणि लोक त्यांच्या. पंचवटीत असा माणूस दिसला तर आम्ही विचारू, तब्येत बरी आहे ना?

मेव्हण्याने चार्जर दिला.

दिवस पाचवा आणि सहावा, परत

दुपारी हावड्याहून सुटलो. टॅब शंभर टक्के, दोन सिरीज, सगळं तयार. पहिला एपिसोड बघितला आणि झोप लागली, एवढंच त्याचं योगदान. यावेळी शेजारी एक कुटुंब, चारही जण आपापल्या फोनमध्ये लुडो, तेही एकमेकांशीच, एकाच गेममध्ये. फासा पडला की चौघं एकदम ओरडायचे आणि परत शांत. मला आधी हसू आलं पण भांडणं तेवढीच खरी होती, सोंगटी मारली म्हणून धाकटा रात्री जेवला नाही.

सकाळी मी अलार्म लावून उठलो. कामठी. चिऊला ओढत खिडकीशी आणलं, आकडा अकराशेच्या पुढे, एकेक वाढत चाललेला. नागपूर आलं, चहा घेतला, गाडी सुटली, आणि स्टेशनची गिचमिड संपल्यावर पहिला नीट वाचता आला तो खांब, आठशे तीसच्या घरातला. मी तिला म्हटलं बघितलंस? ती म्हणाली, "मग मधले तीनशे कुठं गेले?" मी म्हटलं कुठंच नाही, दोन माणसं दोन टोकांनी मोजत आली आणि इथं भेटली. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली मी झोपू का.

आईचं मात्र बिनसलं होतं. वाती शंभराने कमी. दिल्या खऱ्या, पण साडेसातशे म्हणजे साडेसातशे. कापूस थोडा उरलेला आणि तिचा उजवा अंगठा येताना वळून वळून दुखायला लागलेला. बडनेऱ्याच्या पुढे तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बारा वर्षं गाडीत पत्तेच कुटलेस ना? वळ आता."

वळल्या. पहिल्या वीस अळ्यांसारख्या झाल्या, टोकाला जाड मध्ये नाहीशा. कापूस फार ओढला की तुटतो, कमी ओढला की बोळा होतो, आणि हाताला घाम असला की तळहातालाच चिकटतो. अकोला गेलं, शेगाव गेलं (कचोरी घेतली नाही, हात गुंतलेले), भुसावळ गेलं, मला एकाही स्टेशनचा आकडा वाचता आला नाही. जळगावच्या पुढं कधीतरी हात आपोआप चालायला लागला. लुडोवाला धाकटा येऊन बघत बसला, त्याने पण पाच-सहा केल्या, माझ्यापेक्षा बऱ्या.

मनमाड आलं आणि मी डोळे मिटले. चिऊला म्हटलं आता बघ, मी न बघता स्टेशनं सांगतो. लासलगाव सांगितलं, बरोबर. मग थोड्या वेळाने म्हटलं, "निफाड." चिऊ म्हणाली चूक, उगाव. बारा वर्षांत पहिल्यांदा. बायको म्हणाली हातात कापूस आहे ना, म्हणून. गोदावरीच्या पुलावर आईने नाणं टाकलं, उजेड जवळजवळ संपलेला.

पूल गेल्यावर आईने माझी पुडी उघडून एकेक वात बघितली. चाळीसेक बाजूला काढल्या, बाकीच्या दुसऱ्या कागदात बांधल्या.

"ह्या चाळीस त्रिपुराला घेते. बाकीच्या घरच्या देवाला चालतील, तो ओळखीचा आहे."

मग साठ वाती अजून राहिल्या म्हणायच्या. नाशिकरोड आलं, एक चप्पल सापडेना, ती लुडोवाल्यांच्या बॅगेखाली निघाली.